तीन ते साडेतीन

‘नाही’ हा शब्द उच्चारायला फार सोपा आहे. लहान मूल ‘आई’च्या खालोखाल तोच शिकतं. पुढे मोठेपणी काही जणांच्या खिशातून तो कुठेतरी पडतो आणि मग जन्मभर सापडत नाही. मी त्यांपैकी एक. त्यामुळे आजवर मी वधूवर मेळाव्याचा हिशेबनीस, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा देखरेख्या आणि एकदा तर, स्वतःला पोहता येत नसताना, मुलांच्या पोहण्याच्या शर्यतीचा पंच झालो आहे. नोकरीतून रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण एका रविवारी उपासना संपवून देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात पाळकसाहेबांनी मागून खांद्यावर हात ठेवला. पाळकांनी हात डोक्यावर ठेवला तर तो आशीर्वाद असतो आणि खांद्यावर ठेवला तर काम असतं, एवढं ज्ञान मला छत्तीस वर्षांच्या सभासदत्वातून मिळालेलं आहे.

आमच्या मंडळीनं यंदा एक सेवाकार्यक्रम ठरवला होता. कालव्यापलीकडच्या वस्तीत डोळ्यांची तपासणी, गरजूंना चष्मे आणि मोतीबिंदू निघेल त्याला इस्पितळापर्यंत नेऊन आणायची सोय. कार्यक्रमाला कमिटी होती, बजेट होतं, बॅनर होता. बॅनरवर कोणाचे फोटो नकोत यावर दीड तास चर्चाही झालेली होती.

‘‘सगळं आहे, फक्त प्रार्थना नाही,’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘आदल्या दिवसापासून चोवीस तासांची प्रार्थनासाखळी करू. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. ज्यानं त्यानं आपापल्या घरीच बसायचं. तुम्ही फक्त नावं लिहून घ्या. काम असं काहीच नाही.’’

‘काम असं काहीच नाही’ या वाक्यानं सुरू झालेल्या कामांनीच माझे केस पांढरे केले आहेत. मी तोंड उघडलं, पण त्यातून नेहमीप्रमाणे ‘बरं’ असंच बाहेर पडलं.

मग पाळकसाहेबांनी मला इतिहास सांगितला. जर्मनीत सॅक्सनीमध्ये हेर्नहूट नावाचं गाव आहे. तिथे १७२७ साली मोरेव्हियन मंडळींनी अशीच साखळी सुरू केली. २४ पुरुष आणि २४ बायका, प्रत्येकानं रोज एक तास वाटून घेतला. ती साखळी शंभर वर्षं चालली म्हणतात. ‘‘आणि लांब कशाला, आपलं केडगाव घ्या. १९०५ साली पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेसाठी मुली मागितल्या, तर पहिल्या झटक्यात सत्तर जणी पुढे आल्या. पुढे तो आकडा पाचशेच्या वर गेला. आपल्याला तर अठ्ठेचाळीसच हवेत!’’

शंभर वर्षं, हे ऐकून मला आमच्या मंडळीची वार्षिक सभा आठवली. ती कोरमअभावी शंभर मिनिटंसुद्धा टिकत नाही. पण अठ्ठेचाळीस हा आकडा मला काही फार वाटला नाही. एकशे वीस कुटुंबांची मंडळी. अठ्ठेचाळीस माणसं तर प्रीतिभोजनाच्या वेळी नुसती रस्स्याच्या पातेल्याभोवती असतात.

तरुण संघाच्या सेक्रेटरीनं मला व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून दिला. मी निरोप टाकला, ‘कृपया आपली वेळ कळवावी.’ उत्तरादाखल सदतीस जणांनी जोडलेले हात पाठवले, अकरा जणांनी ‘आमेन’ लिहिलं आणि एकानं कुठल्याशा बागेतला सूर्योदय पाठवला. वेळ कोणीही कळवली नाही. शेवटी मी पुठ्ठ्यावर तक्ता आखला, पेन्सिल कानावर ठेवली आणि दारोदार निघालो.

तेव्हा मला कळलं की भक्तीलाही बाजारभाव असतो. पहाटे पाचला उमेदवार तेरा! ‘पहाटे पाचला प्रार्थनेला बसतो’ हे चारचौघांत सांगायला बरं दिसतं. सकाळी सातला चहा आणि देव दोन्ही साधतात, म्हणून तीही वेळ गेली. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ मालिकांनी आधीच बुक केलेली. ‘‘तेवढा वेळ सोडून कधीही लिहा हो,’’ एक बाई म्हणाल्या. मी ‘‘मग रात्री तीनला लिहू?’’ म्हटल्यावर त्यांना एकाएकी ब्लड प्रेशर आठवलं. डॉक्टर म्हणाले, मी ऑन कॉल असतो. मी म्हटलं, देवही असतो. ते हसले, पण नाव दिलं नाही. कोरस मास्तरांना एकट्यानं मुकाट्यानं बसायची कल्पनाच सहन होईना. पेटी चालेल का, असं त्यांनी तीनदा विचारलं. तरुण पोरांनी मात्र मान राखली. ‘‘अंकल, आम्ही दोनपर्यंत जागेच असतो,’’ म्हणत त्यांनी बारा ते दोनचे चारही चौकोन भरून टाकले. ती दोनपर्यंत रोज काय करतात हे मी विचारलं नाही. साखळी तुटायला नको होती.

एका दारावरून मात्र मी तक्ता काखेत मारून तसाच पुढे गेलो. ते आमच्या खजिनदारांचं दार. खजिनदार आणि मी बालवर्गापासून एका बाकावर. एका डब्यातली भाकरी खाल्लेले. सात वर्षांपूर्वी देवळाच्या पेटीचा भाता फाटला, तो मी दुरुस्त करून आणला. खर्च १८५० रुपये. खजिनदारांनी पावती मागितली. पेटी दुरुस्त करणारा म्हातारा एका जिन्याखाली बसतो, तो पावती कुठून देणार? झालं! त्या वर्षीच्या छापील अहवालात माझ्या नावापुढे कंसात ‘पावती नाही’ असे दोन शब्द आले. एकशे वीस कुटुंबांनी ते वाचले. तेव्हापासून आमचा अबोला. कमिटीत दोघेही असतो, पण बोलायचं ते अध्यक्षांमार्फत. ‘‘माननीय सभासदांना विचारावं की खिडकी लावून घेतील का?’’ या थाटात.

आता आमच्या सिस्टरमावशींबद्दल सांगायला हवं. मिशन हॉस्पिटलात चाळीस वर्षं नर्स होत्या. आज वय ब्याऐंशी. त्यांच्यापुढे पाळकसाहेबसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसतात. त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत तपासला आणि विचारलं, ‘‘प्रार्थना कशासाठी करायची?’’

‘‘कशासाठी म्हणजे? सेवाकार्याला आशीर्वाद मिळावा म्हणून.’’

‘‘‘प्रभू, या सेवाकार्याला आशीर्वाद दे.’ झालं की. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. उरलेली साडेएकोणतीस मिनिटं काय करू?’’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

‘‘चाळीस वर्षं वॉर्डात काढली रे मी,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘केसपेपर बघितल्याशिवाय कुणाला गोळी दिली नाही. आता देवापुढे बिनकागदाची जाऊ? कोण माणसं आहेत, काय त्रास आहे, लिहून आण. मग सांग वेळ.’’

म्हणजे वस्तीत जाणं आलं. खरं सांगतो, ज्या वस्तीसाठी आमच्या पाच मीटिंगा झाल्या होत्या तिथे आमच्यापैकी एकही जण गेलेला नव्हता. बॅनर दोनदा छापून झाला होता.

एकट्यानं जायला संकोच वाटला म्हणून शेजारच्या बुवांना घेतलं. बुवा एस.टी.त कंडक्टर होते. माळकरी माणूस. वस्तीत त्यांच्या गावाकडची चार घरं होती. वाटेत त्यांना साखळीची कल्पना समजावून सांगू लागलो, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. ‘‘अहो, हा तर आमचा पहारा! सप्ताहात सात दिवस वीणा अखंड चालू ठेवतो ना आम्ही. एकानं उतरायचं, दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची. खाली टेकवायची नाही. आमचा चुलतभाऊ आणि मी, बांधावरनं कोर्टात केस चाललेली. तोंड बघत नव्हतो एकमेकांचं. पण आमच्या पहाऱ्याच्या पाळ्या लागोपाठ. वीणा त्याच्याच हातनं घ्यावी लागायची.’’

‘‘मग भांडण मिटलं?’’

‘‘कशाचं! केस अकरा वर्षं चालली. पण वीणा नाही टेकली कधी.’’

वस्तीत शिरल्यावर पहिला प्रश्न आला, ‘‘कुठल्या पक्षाचे?’’ दुसरा, ‘‘काही वाटणार हायेत का?’’ मी म्हटलं, शिबिर आहे, त्याआधी आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत, म्हणून नावं लिहून घेतोय. यात कुणी धर्म बदलायचा नाही, काही सही करायची नाही. एका बाईनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. ‘‘परारथनेला पैसे भरायचे का?’’ नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘मग घाला माझं नाव. आणि सासूचंबी घाला. तिचे डोळे बरे हायेत, पण जिभेसाठी करा कायतरी.’’ सासू मागेच बसली होती. तिनंही लगेच सुनेसाठी अर्ज दिला. मी दोन्ही लिहून घेतले. बारा आणि तेरा नंबर.

मग हीच बाई म्हणाली, ‘‘पण शिबीर सोमवारी धाला ठिवलंय नव्हं? धाला कोण असतंय हितं? आठला मजूर अड्ड्यावर हुबं राहावं लागतंय. धापतोर काम लागलं नाही तर दिवस गेलाच. तपासणार कुणाला, कोंबड्यांना?’’

मी बॅनर आठवला. ‘सोमवार, सकाळी १० ते १.’ हॉल त्या वेळी मोकळा असतो, एवढाच विचार आम्ही केला होता.

पुढे एक शिंपीबाबा भेटले. शर्टांना काज-बटण करून देतात. जवळचं दिसत नाही. म्हणाले, ‘‘नात शाळेला जायच्या आधी वीस सुयांत दोरा ओवून ठेवती. वीस संपल्या की आमचं दुकान बंद.’’ सतरा नंबर. एक आजी मोतीबिंदू पिकायची वाट बघत तीन वर्षं बसल्या होत्या. कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, कच्चा काढत नाहीत. आणखी एक आजी होत्या. त्यांना काहीच दिसत नव्हतं. माझा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला आणि माझा पंजा चाचपून पाहिला. ‘‘हापिसातला हात हाय,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा नंबर एकतीस, शेवटचा.

परत येताना मी गप्प होतो. बुवा काही बोलले नाहीत. कंडक्टरकी केलेल्या माणसाला कुठे बेल मारायची आणि कुठे नाही, हे बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीत मी वेळ बदलायची सूचना मांडली. शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ. विरोध होणार हे ठरलेलंच होतं. हॉलला जादा भाडं, डॉक्टरांची सोय, बॅनर तिसऱ्यांदा! एवढ्यात खजिनदार उठले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ‘‘अध्यक्षमहाराज,’’ ते म्हणाले, ‘‘माननीय सभासद स्वतः वस्तीत जाऊन आलेले दिसतात. हे आपण आधीच करायला हवं होतं. जादा खर्च बसवता येईल. जुन्या बॅनरवर कागद चिकटवा.’’ मग खाली बसता बसता, ‘‘पावत्या ठेवाव्यात.’’

सूचना मंजूर झाली. मोतीबिंदूच्या आजींची गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, ‘‘पिकायची वाट बघायचे दिवस गेले. आता दिसायला अडचण होऊ लागली की काढतात, उगाच थांबलं तर ऑपरेशनच अवघड होतं. त्यांना साखर आणि ब्लड प्रेशर तपासायला आधीच घेऊन या.’’ आणि मी न विचारता शनिवारी दुपारी तीनचा चौकोन स्वतःच्या नावानं भरला.

एकतीस जणांची यादी मी झेरॉक्स करून घरोघर वाटली. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. ज्यांनी ‘अर्धा तास फार होतो हो’ म्हणून कुरकूर केली होती, तेच फोन करून चौकशी करायला लागले. ‘‘सतरा नंबरचे बाबा सुई कुठल्या नंबरची वापरतात?’’ ‘‘बारा आणि तेरा एकाच खोलीत राहतात का?’’ मालिकावाल्या बाईंनी तर साडेआठची वेळ आपण होऊन मागितली. त्यांच्या मते बारा-तेरा नंबरचं प्रकरण मालिकेपेक्षा पुढचं होतं.

गुरुवारपर्यंत सेहेचाळीस चौकोन भरले. उरले दोन, रात्री तीन ते साडेतीन आणि साडेतीन ते चार. तक्ता घेऊन सिस्टरमावशींकडे गेलो. त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘सगळ्यांची नावं आहेत. तुझं कुठं दिसत नाही ते?’’

मी म्हटलं, ‘‘मावशी, मी तर संयोजक.’’

‘‘वाढप्यानं जेवायचं नसतं का रे?’’

तीन ते साडेतीनमध्ये मी माझं नाव लिहिलं. अक्षर जरा बारीकच आलं. खरं सांगायचं तर देवळात डोळे मिटून मी गेली कित्येक वर्षं इस्त्रीचे कपडे, गॅसचं बुकिंग असलाच विचार करत होतो. लोकांच्या प्रार्थनेचं वेळापत्रक आखणं मला त्यापेक्षा फार सोयीचं वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी खजिनदारांच्या मिसेसचा आमच्या सौभाग्यवतींना फोन आला. बायकांमध्ये अबोला कधी नव्हताच. ‘‘साडेतीन ते चारला ह्यांचं लिहा म्हणावं. ह्यांना तशीही झोप येत नाही.’’

नाव लिहिल्यावर मला नियम आठवला. आपली पाळी संपली की पुढच्याला फोन करून उठवायचं, म्हणजे साखळी तुटणार नाही. हा नियम मीच केला होता. तक्त्याखाली तांबड्या शाईनं, दोनदा अधोरेखित करून.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला पाळकसाहेबांनी सुरुवात केली. रात्री तीनला अडीचच्या पाळीवाल्यानं मला उठवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, यादी पुढे घेतली, डोळे मिटले. लगेच उघडले. तीन वाजून दोन मिनिटं. पुन्हा मिटले. नळ ठिबकतोय, वायसर बदलायला हवा. तीन वाजून पाच. मग मी मोठमोठ्यानं सांगणं सोडलं आणि नुसती यादी वाचायला लागलो. नाव, मग त्या माणसाचा चेहरा, मग त्याचं काम. देवाला पत्ता सांगायची गरज नसते, मला होती. सतरा नंबरशी आलो तेव्हा त्या वीस सुया डोळ्यांपुढे आल्या. ओळीनं टोचून ठेवलेल्या, प्रत्येकीत दोरा. तिथेच कितीतरी वेळ थांबलो. एकाएकी घड्याळ पाहिलं तर साडेतीनला एक मिनिट कमी.

सात वर्षांत तो नंबर मी लावला नव्हता. पण पुसलाही नव्हता. वाटलं, मिस्ड कॉल द्यावा. वाटलं, तो जागा असेलच, कशाला. मग बुवांची वीणा आठवली. केस राहू द्या, वीणा टेकवायची नाही.

पहिली रिंग पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

‘‘उठलास का?’’ मी विचारलं. अध्यक्ष मध्ये नव्हते.

‘‘झोपलो कुठं होतो,’’ तिकडून आवाज आला. तोच, बालवर्गातला. ‘‘तीनपासून फोनकडे बघत बसलोय. कुठपर्यंत आलास?’’

‘‘सतरा. शिंपीबाबा.’’

‘‘बरं. अठरापासून मी घेतो.’’

दोघेही थांबलो. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ‘‘मिळालं ना सगळं बरोबर?’’

‘‘मिळालं,’’ खजिनदार म्हणाले. ‘‘पावती नको.’’

आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी पाचला साखळी संपली आणि शिबिर सुरू झालं. बॅनरवर कागद चिकटवलेला स्पष्ट दिसत होता. नऊ वाजता बंद करायचं ते साडेदहापर्यंत चाललं. शिंपीबाबांनी चष्मा लावला, खिशातून सुई काढली आणि सगळ्यांदेखत दोरा ओवला. नात जरा हिरमुसली. सकाळचं तिचं एक महत्त्वाचं खातं गेलं होतं. मोतीबिंदूच्या आजींचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. नेऊन आणायला खजिनदारांचीच गाडी होती. रिक्षाच्या पावत्यांचा प्रश्नच उरला नाही. बारा आणि तेरा नंबरच्या बाबतीत अजून काही फरक नाही. देवालाही काही केसेसना वेळ लागतो.

एकतीस नंबरच्या आजींना डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. आधी कोणी आणलं असतं तर उरलेली तरी टिकवता आली असती, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आजींना ते मी सांगावं असं ठरलं, कारण मी संयोजक. ‘नाही’ म्हणायला न येणाऱ्या माणसावर ही पाळी यावी! मी त्यांचा हात हातात घेतला, आणि शब्द शोधू लागलो. त्यांनीच सुटका केली. ‘‘कळलं, बाबा. तू आलास, हात वळखला. बस थोडा.’’

बसलो. अर्धा तास तरी बसलो असेन. त्या अर्ध्या तासाचा चौकोन कुठल्या तक्त्यावर नव्हता.

ती यादी अजून आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलेली आहे. रात्री कधी जाग आली तर मी तिच्यापुढे जाऊन बसतो. परवा रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा मागून खांद्यावर हात ठेवला. ‘‘पुढल्या वर्षी वर्षभराची साखळी करू या का? हेर्नहूटसारखी?’’

मी ठामपणे ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण शेजारून खजिनदार म्हणाले, ‘‘साडेतीनचं माझं लिहून घे.’’